मापासाठी उभा केलेला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात बाहेरच्या खोलीत अंबरनाथच्या शिवमंदिराचं एक कृष्णधवल छायाचित्र बरीच वर्षं टांगलेलं आहे. ते मी काढलेलं आहे. १९७४ साली मी कॉलेजात होतो आणि मामेभावाकडून आगफा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला होता. एका रिळात बारा फोटो निघायचे, तेव्हा प्रत्येक फोटोआधी माणूस दहादा विचार करायचा. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता मी मंदिरात गेलो. गर्दी ओसरली होती. आवारात बेलाची पानं, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं, फुटके द्रोण यांचा खच पडला होता, आणि एक बाई खराट्यानं तो लोटत होत्या. मंदिराची उत्तरेकडची बाजू मला हवी होती आणि त्या नेमक्या मध्ये येत होत्या. मी म्हटलं, "मावशी, जरा बाजूला होता का?"

"व्हते की बाबा," त्या म्हणाल्या. "माझा कुठं फोटू काढायचाय."

त्या बाजूला झाल्या. मी फोटो काढला. फोटो चांगला आला, कॉलेजच्या भित्तिपत्रकात लागला, आणि मग चौकटीत जाऊन भिंतीवर चढला.

पुढे तीसेक वर्षांनी सुधारक ओलवे या छायाचित्रकाराचं काम माझ्या पाहण्यात आलं, आणि भिंतीवरच्या त्या फोटोकडे पूर्वीसारखं बघणं मला जमेनासं झालं. आज मी बोलणार आहे ते ओलव्यांविषयी. पण इतिहासाच्या मास्तराला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तेव्हा थोडं मागे जाऊन येतो.

आधी त्यांची ओळख. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ साली अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. मोठ्या इंग्रजी दैनिकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं फोटो काढले. मंत्र्यांच्या सभा, मोर्चे, अपघात, क्रिकेट, पाऊस, जे जे पेपरला लागतं ते सगळं. पण ज्या कामामुळे त्यांचं नाव झालं ते पेपरच्या रोजच्या कामाबाहेरचं होतं. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो. रस्ते झाडणारे, कचरा उचलून गाडीत भरणारे, मेलेली जनावरं हलवणारे, गटारात उतरणारे. या कामासाठी २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांचा सन्मान झाला, परदेशात प्रदर्शनं भरली. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' हे पुस्तक निघालं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ते स्वतः 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरतात. 'स्ट्रीट फोटोग्राफर' म्हटलं की आपल्यासमोर वेगळा माणूस येतो. गळ्यात छोटा कॅमेरा, रस्त्यावरून भटकणारा, एखादा गमतीचा, योगायोगाचा क्षण अचूक टिपणारा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा या पंथाचा गुरू. रघुबीर सिंग यांनी मुंबईचे रस्ते रंगीत फिल्मवर टिपले, १९९४ साली त्यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं, आणि ते आजही बघत राहावं असं आहे. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण रस्त्याचा फोटो काढायला छायाचित्रकार सकाळी नऊला येतो तेव्हा तो रस्ता कुणीतरी झाडून गेलेलं असतं. ओलवे त्याआधी येतात. माझ्या दृष्टीनं रस्त्यावरचा छायाचित्रकार हा शब्द त्यांनाच जास्त शोभतो.

आता मागे जाऊ. रस्त्यावरच्या माणसाचं सर्वांत जुनं जे छायाचित्र मानलं जातं ते १८३८ सालचं, पॅरिसमधलं. लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी काचेपुढची झडप काही मिनिटं उघडी ठेवावी लागे. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, पायी जाणारे होते, पण हलत असल्यामुळे त्यांतलं कुणीच उमटलं नाही. गजबजलेला रस्ता फोटोत ओस दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस दिसतो. तो एका जागी उभा होता, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत होता. आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणारा. त्याचे हात चालू होते म्हणून तो पुसट आलाय, नीट पाहिलं तर एक काळसर आकार. जगातल्या पहिल्यावहिल्या रस्त्यावरच्या फोटोत गिऱ्हाईक स्पष्ट आहे आणि कामगार धूसर. कुणी मुद्दाम केलं नाही. यंत्राचीच तशी रीत होती. जो थांबू शकतो तो उमटतो.

हे यंत्र मुंबईला फार लवकर आलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, हरिश्चंद्र चिंतामण हे त्यातून पुढे आलेले नावाजलेले छायाचित्रकार. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही उत्तम फोटो काढत आणि सोसायटीच्या कारभारात होते. आपली माणसं या कलेत पहिल्या पंगतीला होती, हे मुलांना सांगताना मला नेहमी बरं वाटे.

भाऊ दाजींचा आमच्या अंबरनाथशी दुसराही संबंध आहे. मंदिरातला शिलालेख त्यांनी वाचला. त्यातला शक त्यांनी ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवून दिलं, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका आकड्यानं देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. असो.

१८६८ साली मुंबई सरकारनं या मंदिराची रीतसर पाहणी करायचं ठरवलं. जे. जे. कलाशाळेची मंडळी आली, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे घेतले, फोटो घेतले. रेल्वे तोवर कल्याणच्या पुढे पळसधरीकडे गेलेली होती, त्यामुळे सामान आणणं सोपं असावं. सामान म्हणजे काय? त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत काळोखात धुवायची. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर त्याचा अंधारा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या बादल्या. पाणी वाहायला माणसं, पेट्या उचलायला माणसं, झुडपं तोडायला माणसं.

त्या काळच्या पुरातत्त्वाच्या फोटोंत बहुधा एखादा माणूस खांबाला टेकून किंवा पायरीवर बसलेला दिसतो. मला लहानपणी वाटायचं तो पुजारी असेल. तो असतो मापासाठी. खांब किती उंच हे कळावं म्हणून शेजारी उभा केलेला. फोटोखाली देवळाचं नाव असतं, गावाचं असतं, छायाचित्रकाराचं असतं. त्याचं नसतं. फूटपट्टीला कोण नाव देतो?

दुसरा प्रकार याहून वेगळा. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकारानं १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले. त्यात माणसं आहेत, मोठी आहेत, मध्यभागी आहेत. पण गंमत अशी की यातले पुष्कळ फोटो जोडकाम आहेत. माणसांचा फोटो वेगळा घेतलेला आणि मागे मुंबईतल्या एखाद्या जागेचं दृश्य नंतर जोडलेलं. म्हणजे रस्ता खरा, माणूस खरा, पण माणूस त्या रस्त्यावर उभाच नव्हता. आणि खाली त्याचं नाव नाही, जातीचं नाव. १८६८ सालीच, अंबरनाथला साचे घेतले जात होते त्याच वर्षी, 'द पीपल ऑफ इंडिया' या सरकारी ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. आठ खंड झाले. सगळ्यांत तेच. माणूस म्हणजे नमुना.

तिसरा प्रकार मी स्वतः पाहिला, उल्हासनगरात. आमच्याकडचे तरुण श्रोते कदाचित हसतील, पण 'कॅम्प नंबर अमुक' हा पत्ता आमच्या पिढीला अगदी नैसर्गिक वाटतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं या पाच छावण्यांत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. फाळणीचे जे फोटो आपण पुस्तकांत पाहतो, मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेले, ते बहुतेक पंजाबातल्या काफिल्यांचे. बैलगाड्या, धूळ, खांद्यावर बसवलेली म्हातारी माणसं. सिंधी माणूस मोठ्या संख्येनं कराचीहून बोटीनं आला. त्याचा काफिला दिसला नाही, म्हणून त्याची चित्रं आपल्या डोळ्यांसमोर तशी उभी राहत नाहीत.

त्या छावणीतले एक स्टुडिओवाले काका माझ्या ओळखीचे होते. मी रीळ धुवायला त्यांच्याकडे टाकायचो. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि संगमरवरी जिना. छावणीच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी माणसं त्या जिन्यापुढे उभी राहायची. पण काकांचा खरा धंदा पासपोर्ट साइजचा. नोकरीचा अर्ज, कर्जाचा अर्ज, शाळेचा दाखला. एकदा एका माणसानं नकळत हनुवटीला हात लावला, तर काका म्हणाले, "हाथ नीचे. हाथ नहीं आना चाहिए." नंतर मला सांगू लागले, "बेटा, सरकार को सिर्फ मुंह चाहिए." तो माणूस हातावर पोट असलेला होता, बोटांना कसल्याशा रंगाचे डाग होते. ते हात फोटोत आले नाहीत. नियमच तसा.

तर माप, नमुना, चेहरा. ओलव्यांच्या फोटोंत हात येतात. हे मला पहिल्यांदा जाणवलं. नुसते येत नाहीत, बऱ्याचदा तेच आधी दिसतात. हातमोज्यांशिवाय कचऱ्यात घातलेले, मॅनहोलच्या कडेला घट्ट धरलेले, टोपली डोक्यावर नेताना वर गेलेले.

फोटो कृष्णधवल आहेत. यावर काहींचा आक्षेप असतो की कृष्णधवल केलं की गरिबीला उगाच एक भारदस्तपणा येतो. मला उलट वाटतं. कचऱ्याला रंग फार असतात. प्लास्टिकच्या पिशव्या, फुलं, टरफलं. रंगीत फोटोत डोळा तिकडेच धावला असता. रंग काढून टाकल्यावर कचरा आणि माणूस यांच्यातली सीमा शोधावी लागते, आणि ती शोधताना आपण त्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगाराचा फोटो पाहताना हे फार होतं. सगळा काळोख, आणि त्यात डोळे.

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची संख्या तीस हजारांच्या आसपास सांगितली जाते, आणि ते जवळजवळ सगळे दलित आहेत. हे शहराला माहीत नव्हतं असं नाही. मराठी साहित्यानं ते कधीच सांगून ठेवलं होतं. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचं, नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ चं. लेखणी तिथं पोहोचली होती. कॅमेरा मागाहून आला, कारण लेखणी चार आण्याला मिळायची.

आणि आल्यावर कॅमेरा लगेच निघून गेला नाही, हे महत्त्वाचं. पेपरचा फोटोग्राफर सहसा घटनेमागे जातो. कामगार गटारात गुदमरून गेला की बातमी, दुसऱ्या दिवशी फोटो, तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी. ओलवे बातमी नसताना गेले आणि वर्षानुवर्षं जात राहिले. सकाळी चौकीवर हजेरी लागते तिथं, कचऱ्याच्या गाडीवर, देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर, आणि मग कामगारांच्या घरी. घरचे फोटो मला कामाच्या फोटोंपेक्षा जास्त बोलके वाटतात. एका खोलीतला संसार, भिंतीवर बाबासाहेब, अभ्यास करणारी मुलं.

त्या घराची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न कळता फोटो नुसता करुण दिसतो. सफाई कामगाराला मिळणारी खोली ही बहुतेक वेळा नोकरीशी बांधलेली असते. नोकरी संपली की खोली सोडायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळू शकते. कुटुंबाला आधार म्हणून ही तरतूद झाली आणि तो आधार खरा आहे. पण बापाच्या मागे खोली टिकवायची तर मुलानं खराटा हातात घ्यायचा. बारावी झालेला, बी.ए. झालेला मुलगाही. मुंबईत डोक्यावरचं छप्पर ही काय चीज आहे ते बदलापूरहून रोज लोकलला लटकून जाणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा भिंतीजवळ बसून अभ्यास करणाऱ्या त्या मुलाच्या फोटोत प्रश्न असा आहे की हा शिकून पुढे जाणार की घर राखणार.

आणि ही कायम कामगारांची गोष्ट झाली. कंत्राटी कामगारांना तेही नाही. मुंबईत एक काळ असा होता की कचरा उचलणाऱ्यांना कागदोपत्री कामगार म्हणतच नसत, 'स्वयंसेवक' म्हणत, आणि त्यांच्या मजुरीला मानधन. कचरा वाहतूक श्रमिक संघानं याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, आणि शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. त्यानंतरही अनेकांचं कायम होणं लांबलं. कारण? कागदांवर नावांची स्पेलिंगं जुळत नव्हती. ज्या माणसाचं नाव कुणी नीट विचारलंच नव्हतं त्याला शेवटी नावावरच अडवलं.

हा निकाल फोटोंमुळे लागला असं मी म्हणणार नाही. असं म्हणायची एक सवय असते, छायाचित्रानं जग बदललं वगैरे. हा निकाल कामगारांच्या संघटनेनं मिळवला. गटारातल्या मृत्यूंबाबत १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, ते सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर. २०२३ साली ही रक्कम तीस लाख झाली. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला. तरी माणसं उतरतात आणि मरतात. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, फार झाला की नाकाची संवेदनाच जाते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, हवा सुधारली. हा वायू कुठल्याही फोटोत दिसत नाही. फोटोत फक्त उतरणारा दिसतो, आणि वर दोरी धरून वाकलेला त्याचा सोबती.

मग फोटोंनी केलं काय? माझं उत्तर साधं आहे. 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे म्हणायची सोय राहिली नाही.

इथं एक शंका मलाही छळते. माणूस घाणीत उभा असताना त्याचा फोटो काढणं हे त्याच्या मानाला धक्का लावणं नाही का? न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा पत्रकार होता. त्यानं १८९० साली तिथल्या गरीब वस्त्यांवर पुस्तक काढलं, त्याचा परिणामही मोठा झाला. पण तो रात्री अपरात्री अंधाऱ्या खोल्यांत शिरून दारूच्या लखलखाटात फोटो घ्यायचा. दारू म्हणजे फ्लॅशची, मॅग्नेशियमची. त्याच्या फोटोंत माणसं दचकलेली दिसतात, झोपेतून उठलेली. हेतू चांगला, पण दचकवणारा. ओलव्यांच्या फोटोंत माणसं दचकलेली नाहीत. काही सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात, काही त्याला विसरून गेलेली असतात. दोन्ही गोष्टींना वेळ द्यावा लागतो. फोटो काढणारा काल आला होता, परवाही येणार आहे, हे माहीत असल्याशिवाय माणूस असा पाहत नाही.

पुढे ओलव्यांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांचे, जातीय अत्याचारात माणूस गमावलेल्या कुटुंबांचे, इतर राज्यांत अजून मैला साफ करणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढले. अत्याचारग्रस्तांच्या घरांत तर दाखवायला काही 'दृश्य'च उरलेलं नसतं. आई असते, बाप असतो, हातात मुलाचा पासपोर्ट साइज फोटो असतो. फोटोतला फोटो. उल्हासनगरच्या काकांसारख्याच कुणीतरी काढलेला, हात न आलेला.

आता आमच्या तिन्ही गावांकडे येतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी सुखरूप सोडवले. ती पाण्यात उभी असलेली गाडी साऱ्या देशानं पाहिली, आकाशातूनसुद्धा. पूर ओसरल्यावर आमच्याकडच्या गल्ल्यांतला गाळ कुणी उपसला, त्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. २६ जुलै २००५ नंतरचाही नाही. अंबरनाथच्या मंदिराचे फोटो मात्र १८६८ पासून आजपर्यंत निघत आले आहेत, दर महाशिवरात्रीला हजारोंनी निघतात. वालधुनी नदी मंदिराच्या अंगाला लागून वाहते. तिचं काळं पाणी टाळून फोटो कसा घ्यायचा हे आता लहान पोरांनाही जमतं. मीही तेच केलं होतं की.

ओलव्यांचं पुस्तक पाहिल्यानंतर एका संध्याकाळी मी भिंतीवरची चौकट उतरवली आणि भिंग घेऊन बसलो. मंदिर छान आलं आहे. खाली, फोटोच्या तळाशी, आवारातली माती आहे. त्या काळी तिथं माती होती. मातीवर अर्धगोल रेघा आहेत, एकाला एक लागून, डावीकडून मध्यापर्यंत. खराट्याच्या. मध्यावर त्या थांबतात. तिथं मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या फोटोत नाहीत.

अलीकडे एका महाशिवरात्रीनंतर मी पुन्हा गेलो, तसाच पहाटे. आता माझ्याकडे मोबाइल आहे, रिळाची चिंता नाही. दोघी जणी झाडत होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी माझी ओळख सांगितली, जुनी गोष्टही सांगितली आणि विचारलं, "तुमचा काम करतानाचा फोटो काढू का?" एकीनं दुसरीकडे पाहिलं. दुसरी म्हणाली, "नको काका. ठेकेदारानं पाहिला तर म्हणंल, कामाच्या टायमाला फोटो काढत बसता." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या येताय का? उद्या आमचा मुकादम बदलतोय. त्याला विचारून सांगते."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मुकादम बदलला नव्हता. त्या दोघींनी मला चहा दिला. फोटो अजून निघालेला नाही, पण त्यांची नावं मला माहीत झाली आहेत, आणि त्यांनी सांगितल्यावरच ती मी कुणाला सांगीन.